शुक्रवारची कडी

मुंबईहून दुबईला जाणारं विमान हवेत साधारण तीन तास असतं. डेक्कन क्वीनला पुण्याहून मुंबई गाठायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे "सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार घरी" असा प्रस्ताव ऑफिसातून येतो तेव्हा ऐकणाऱ्याला तो नुसता अप-डाऊनच वाटतो. पुण्या-मुंबईच्या घरांत तो शब्द मुरलेला आहे. पण पासवाला रात्री जेवायला घरी असतो. दर आठवड्याला आखातात जाणाऱ्याचा खरा पूर्वज वेगळा आहे: बदलीच्या गावी खोली घेऊन राहणारा, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन उतरणारा बँकेतला किंवा शाळेतला माणूस. एसटीच्या जागी विमान आलं आणि पिशवीला चाकं लागली, एवढाच फरक. रविवारी दुपारी चार वाजता त्या घरात जी शांतता पसरायची, ती आजही तशीच पसरते.

आधी तासांचा हिशेब मांडू, कारण तो फार थोडे लोक होकार देण्यापूर्वी मांडतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. शुक्रवारी तिथल्या रात्री दहाला निघालेलं विमान मुंबईत अडीचच्या सुमारास उतरतं. इमिग्रेशन, टॅक्सी वगैरे धरून ठाण्यातल्या घराचं दार चारला उघडतं. झोप दहापर्यंत. शनिवारी सकाळी दहा ते रात्री अकरा, म्हणजे १३ तास. रविवारी सकाळी सात ते रात्री दहा, १५ तास. सोमवारच्या पहाटे साडेचारचं विमान असेल तर रविवारी दहाला पडायचं आणि सव्वाबाराला उठायचं. जागेपणीचे एकूण तास २८. रोजचे १६ धरले तर आठवड्याचे ११२ होतात. म्हणजे बरोबर पाव आठवडा. त्या पावातून कटिंग, बँक, इस्त्रीवाला, कुणाची तरी मुंज आणि साठलेली झोप वजा करायची आहे.

म्हणून पगाराच्या आकड्यावर घासाघीस करण्याआधी शुक्रवारच्या विमानाच्या वेळेवर करावी. तेच विमान तिथून दुपारी चारचं मिळालं तर मुंबईत साडेआठला उतरतं, माणूस दहा-साडेदहाला घरी पोचतो, अख्खी रात्र झोपतो आणि शनिवारी सातला चहाला हजर असतो. विमानाची वेळ सहा तास आधी, पण घरच्यांच्या दृष्टीने अख्खी शनिवार सकाळ पदरात.

दुसरा प्रश्न विचारायचा तो देशाचा. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली. सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी बाराला सुटतात, शारजात तर शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा. खासगी कंपन्यांत शुक्रवार अनेक ठिकाणी पूर्ण दिवसाचा असतो, पण हवा सुट्टीचीच असते. त्याआधी तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. म्हणजे माणूस गुरुवारी रात्री यायचा, शुक्रवारी मुलं शाळेत असायची आणि शनिवारी रात्री तो निघायचा. रविवारी घर सुट्टीवर, हा ऑफिसात. सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीनमध्ये अजून हेच गणित आहे. रियाधच्या प्रोजेक्टमध्ये शाळकरी मुलाशी जुळणारा आठवड्यातला एकच दिवस हाती येतो, शनिवार. त्यातही मुलाची शाळा एक शनिवार आड भरत असेल तर बघायलाच नको. दुबई आणि रियाधचे पगार तुलनेला घेताना हा एक दिवस कागदावर कुठेच दिसत नाही.

पुणेकरांचा हिशेब आणखी कडू. पुण्याहून थेट विमान आपल्या वेळेला जुळलं तर सोनंच. मुंबईहून जायचं असेल तर सोमवार पहाटेचं साडेचारचं विमान म्हणजे विमानतळावर दीडला, आणि एक्स्प्रेस वेवरून अंधेरीपर्यंत साडेतीन-चार तास धरून पुण्यातून साडेनऊला निघणं. नाव सोमवारचं असलं तरी जेवणाची वेळ रविवारचीच गेली. अशा वेळी रविवारी संध्याकाळचं विमान घेऊन रात्री तिथल्या गादीवर नीट झोपणं शहाणपणाचं. परतीला पहाटे साडेतीनला मुंबई विमानतळावरून स्वतः गाडी हाकत निघणं मात्र शुद्ध वेडेपणा. घाटात पाच वाजता डुलकी लागते, आणि आठवडाभराच्या थकव्यानंतर ती विचारून येत नाही.

बॅगेचं गणित सोपं आहे, पण ते न करणारे दर रविवारी संध्याकाळ घालवतात. केबिन बॅगेची मर्यादा साधारण सात किलो. रिकामी चाकाची बॅग अडीच-तीन किलो, लॅपटॉप आणि चार्जर दोन-अडीच. कपड्यांना दोन किलो उरतात. उपाय असा की कपडे न्यायचेच नाहीत. एकाच हॉटेलात दर आठवड्याला उतरणाऱ्याची एक बॅग हॉटेलवाले शुक्रवार ते सोमवार ठेवून घेतात. त्यात चार शर्ट, दोन पँटी, बूट, दाढीचं सामान, तिथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटला चालणारा दुसरा चार्जर. धुणंही तिथेच. घरी धुवायचे कपडे आणले की शनिवारी दोरीवर तेच आणि रविवारी इस्त्रीवर तेच, असं अख्खं घर एका माणसाच्या शर्टांभोवती फिरतं. चेक-इन सामान नसलं की पट्ट्याजवळची अर्धा-पाऊण तासाची ताटकळही वाचते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, ती सामानात टाकू देत नाहीत.

खाण्याचं थोडं सांभाळून. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट मिळालं तर मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची, जवसाची चटणी एवढ्यावर रात्री निभावतात. मात्र अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या मालात मोडते, आणि हा प्रकार तिथे गमतीने घेत नाहीत. दिवाळीच्या डब्यातले अनारसे म्हणूनच इथेच खाऊन जायचे. घरच्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तोही राहू द्यावा. विड्याची पानंही नकोत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. तूप, ओलं लोणचं केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या वर नाही. खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का ते बघावं. असेल तर आधी परवानगी लागते.

आता फोन. पहिल्याच सोमवारी माणूस हॉटेलच्या वायफायवरून घरी व्हॉट्सॲप कॉल लावतो आणि तो लागत नाही. मेसेज जातात, फोटो जातात, कॉल नाही. अमिरातीत व्हॉट्सॲप आणि फेसटाइमच्या कॉलवर निर्बंध आहेत. बॉटिम, टीम्स, झूम चालतात. त्यातलं एक घरच्या फोनवर आधीच टाकून, आजीला एकदा लावून दाखवून जावं. भारतीय सिमचं रोमिंग डेटा पॅक असेल तर व्हॉट्सॲप कॉल बहुधा लागतो, कारण तो डेटा फिरून भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातूनच जातो. हे निर्बंध चुकवायला व्हीपीएनच्या वाटेला जाऊ नये, तिथल्या कायद्यात ते महागात पडू शकतं.

वेळ कुठली? मुलाची बस सकाळी सातला असेल तर तेव्हा तिथे साडेपाच. रात्री नऊला मूल झोपत असेल तर तिथे साडेसात, आणि साडेसातला हा माणूस शेख झायेद रोडवर टॅक्सीत किंवा क्लायंटबरोबर जेवायला. मधली एकच फट उरते: आपले रात्रीचे आठ, तिथले साडेसहा. ऑफिसच्या कॅलेंडरवर साडेसहा ते सात हा अर्धा तास दररोज अडवून ठेवायचा, मीटिंगसारखाच. नुसतं "जमेल तेव्हा करतो" म्हटलं की आठवड्यात दोन फोन होतात आणि दोन्ही मूल पेंगत असताना.

आणि त्या फोनवर "आज शाळेत काय केलंस?" हा प्रश्न विचारू नये. "काही नाही" हे त्याचं उत्तर भारतभर ठरलेलं आहे. त्यापेक्षा एकत्र काहीतरी करावं. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक घरी, एक तिकडच्या बॅगेत. एक पान त्याने वाचायचं, एक याने. सतराचा पाढा. किंवा नुसताच फोन टेबलावर उभा करून मूल गृहपाठ करतंय आणि बाबा तिकडे मेल वाचतोय, मधेच "अरे, हातचा विसरलास" एवढंच. दोन वर्षांचं मूल तीन मिनिटांत पडद्यासमोरून पळून जातं. त्याचं वाईट वाटून घेऊ नये आणि त्याला ओढून परत आणायला लावू नये, कारण ते ओढायचं काम घरच्या माणसाच्या गळ्यात पडतं.

इथे मुख्य गोष्टीकडे येतो. दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाची घराला अडचण होते ती तो नसल्याने कमी आणि अर्धामुर्धा असल्याने जास्त. सगळ्यात नमुनेदार उदाहरण गॅस सिलिंडरचं. सिलिंडर दारात येतो, पोऱ्या कोड मागतो, आणि कोड गेलेला असतो नोंदवलेल्या मोबाइलवर, जो दुबईत एका मीटिंगमध्ये उपडा पडलेला आहे. पोऱ्या दोन मिनिटं थांबतो, मग पुढच्या इमारतीत जातो. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपचंही तेच: इस्त्रीवाल्याला आत सोडायचं का, ही परवानगी अबूधाबीहून. शाळेच्या बसचा मेसेज, वीज गेल्याचा मेसेज, क्लासची फी, सगळं त्या एका नंबरवर. कारण कधीतरी दहा वर्षांपूर्वी सगळे फॉर्म त्याने भरले होते.

पहिल्या प्रवासाआधी एक शनिवार यासाठीच काढावा आणि घरात जे रोज लागतं त्याचे नंबर घरात राहणाऱ्याच्या नावे करावेत. गॅस, गेट, शाळा, बस, दूध, इंटरनेटवाला. बँकेचा ओटीपी तेवढा आपल्याकडे. भारतीय सिम दुसऱ्या खाचेत चालू ठेवायचं, डेटा बंद. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत.

मग उरलेली कामं वाटायची. तिकडे बसून पूर्ण करता येतील अशी कामं भरपूर असतात: वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, गाडीचा विमा, आयकराचं रिटर्न, आईच्या गोळ्यांची ऑनलाइन ऑर्डर, डॉक्टरांची वेळ घेणं, किराण्याची यादी. पण काम पूर्ण घ्यायचं म्हणजे त्याची आठवणसुद्धा घ्यायची. "मला गुरुवारी आठवण कर, मी भरतो" यात बिल भरण्याचं दोन मिनिटांचं काम याने घेतलं आणि लक्षात ठेवण्याचं महिनाभराचं काम घरीच राहिलं. याउलट गीझर बिघडणं, मोलकरणीचा खाडा, मुलाचा मंगळवारचा ताप ही कामं तिकडून होत नाहीत. त्यात फोनवरून सल्लाही देऊ नये. प्लंबरचा नंबर दोघांकडे असावा, बस्स.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात येतो आणि झाकणं जिथे असायची तिथे नसतात. पाच दिवसांत घराने आपली सोय लावलेली असते: झाकणं खालच्या कप्प्यात, मुलाचं टीव्ही बघणं गृहपाठानंतर अर्धा तास, रात्रीचं जेवण आठच्या ऐवजी साडेसातला. "हे इथे कुणी ठेवलं?" या एका वाक्याने आठवड्याची मेहनत तपासणीला लागते. संध्याकाळपर्यंत कशावरही मत द्यायचं नाही, हा नियम बरा. मुलांच्या बाबतीत तर आठवड्याचा कायदा ज्याने केला त्याचाच शनिवारी चालतो. नाहीतर आईकडे पाढे आणि बाबांकडे पिझ्झा अशी वाटणी होते, आणि चौथीतलं मूलही तिचा फायदा घ्यायला शिकतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ शनिवारी त्याच्याकडे यायला रडलं तर ते त्या वयाला धरूनच आहे. पाच दिवस त्याच्या दृष्टीने फार असतात. जवळ बसावं, उचलायची घाई करू नये, दुपारपर्यंत ते आपण होऊन गुडघ्याला धरतं.

दर शनिवारी मॉल, सिनेमा, हॉटेल असा बेत आखणारे बरेच. त्यामागचं अपराधीपण कळतं, पण आठवडाभर हॉटेलात जेवलेल्याला आणि आठवडाभर एकहाती घर ओढलेलीला पुन्हा गर्दीत रांग लावण्याचा उत्साह कुठून येणार? मुलाला घेऊन भाजी आणायला जाणं, सायकलची चेन बसवणं, कपाट आवरणं यातच पाव आठवडा चांगला जातो. आणि शनिवारी चार ते आठ हे चार तास घरातल्या जोडीदाराचे. बाहेर पडायचे, कुठे ते सांगायची गरज नाही. त्या वेळात "वरणाला फोडणी कशाची?" असा फोन करायचा नाही. जाता जाता: बुधवारी रात्री नऊला, घरी मूल उलटी करत असताना, बुर्ज खलिफाचा रोषणाईतला फोटो पाठवू नये. हॉटेलची खोली तिसऱ्या महिन्यात किती कंटाळवाणी होते हे खरं असलं तरी फोटोत ते दिसत नाही.

बाई प्रवास करणारी असेल तर हेच सगळं लागू, वर एक जादा. पुरुषाला लोक विचारतात, "किती मिळतात?" तिला विचारतात, "मग मुलांचं कसं?" शाळेच्या ग्रुपवर सगळ्या आया, त्यात बाबाला घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून निरोप तिच्याकडे आणि तिथून परत घरी. त्या ग्रुपवर नवऱ्याचा नंबर घालून स्वतः बाहेर पडणं हाच सरळ मार्ग, चार दिवस कुजबुज होईल.

घरात वयस्कर आई-वडील असतील तर फ्रिजवर एक कागद लागतो: १०८ रुग्णवाहिकेसाठी, जवळच्या हॉस्पिटलचा नंबर, रक्तगट, रोजच्या गोळ्या, विम्याच्या कार्डाची झेरॉक्स कुठे आहे ते. एक किल्ली शेजारी. हॉस्पिटलचे पैसे यूपीआयने पाच लाखांपर्यंत भरता येतात, पण नोंदणी केलेल्या हॉस्पिटललाच. म्हणून घरातल्या माणसाच्या खात्यात अनामत भरण्याइतकी रक्कम कायम हवी. मध्यरात्री तिकडून पैसे पाठवत बसायची ती वेळ नव्हे.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे, कंपनी कितीही "दोन आठवड्यांचंच आहे" म्हणाली तरी. निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी झाला की दुबईत स्मार्ट गेटमधून झटकन जाता येतं. आपल्याकडे जानेवारी २०२५ पासून मुंबई विमानतळावरही नोंदणी केलेल्या भारतीय प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशनची दारं आहेत; नोंदणीला पैसे नाहीत, बोटांचे ठसे द्यावे लागतात. पासपोर्ट ६० पानीच काढावा. आठवड्याला जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन शिक्के पडले तरी वर्षाला शंभर होतात, आणि ३६ पानी पासपोर्ट बघता बघता भरतो. करासाठी दिवस मोजावे लागतात: येण्या-जाण्याचे दिवस मिळून आठवड्याला तीन धरले तर वर्षाचे १५६. त्यात दिवाळी आणि मे महिन्याचे २५ दिवस मिळवले की १८१. आयकराची सीमारेषा १८२ ला आहे. बाकी अटी बऱ्याच आहेत आणि पगार कुठली कंपनी देते यावरही पुष्कळ अवलंबून असतं. सीएकडे एप्रिलमध्ये जावं, मार्चमध्ये नव्हे. बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

सण मात्र कुठल्याच कॅलेंडरमध्ये नीट बसत नाहीत. २०२५ साली गणपती बुधवारी, २७ ऑगस्टला बसला. दीड दिवसाच्या घरांतून गुरुवारी गेला. शनिवारी पहाटे पोचलेल्याच्या वाट्याला मखर, उरलेले दोन मोदक आणि ओल्या पाटाचा वास. पाच दिवसांच्या घरांना रविवारचं विसर्जन मिळालं. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे नेमकी विमानाच्या दिवशी. अशा तारखा जानेवारीतच प्रोजेक्टच्या वेळापत्रकात घालाव्यात. ऑगस्टमध्ये मागितलेली रजा मेहेरबानी ठरते. रमझानमध्ये तिथे कामाचे तास दोनने कमी होतात, तेव्हा संध्याकाळचा फोन लवकर होतो आणि शुक्रवारचं दुपारचं विमान मिळवणंही सोपं जातं.

आणि आठवडे फसतात. जुलैत मुंबईवर ढग उतरले की विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला जाऊन बसतं. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत पाऊस असा पडला की धावपट्ट्यांवर तळं झालं आणि विमानतळाचं वेळापत्रक कित्येक दिवस विस्कटलं. वर्षातून दोन-तीन शुक्रवार असे जाणार, हे धरूनच चालावं. त्या आठवड्यात शनिवारचं काही मुलाला कबूल केलेलं असेल तर ते फोनवर आपणच सांगावं, आईकडून वदवून घेऊ नये.

आपल्याकडे रात्री दाराला आतून कडी लागते. पहाटे चारला येणाऱ्याने बेल वाजवली की अख्खं घर उठतं, म्हणून अशा घरांत शुक्रवारी कडी लावत नाहीत. नुसतं लॅच, आणि त्याच्याकडे किल्ली. सवयीने कुणी लावलीच तर तो जिन्यात उभा राहून हलकेच फोन करतो. विमान रद्द झालं तर काउंटरवर रांग लागलेली असते, सगळे पुढच्या विमानाची जागा धरायला धावत असतात. रांगेत उभं राहण्याआधी एक फोन करायचा असतो. तिथे रात्रीचे दहा, इथे साडेअकरा, घर नुकतंच झोपलेलं. दोनच शब्द: कडी लाव.